गळ्यापासून खाली मी नाही

सोमवार, २ जून

बोलावणं आलं! नागपूर, माती-पाणी तपासणारी खासगी प्रयोगशाळा. पद: प्रयोगशाळा सहायक. जागा: एक. मुलाखत पुढच्या सोमवारी, ९ तारखेला, सकाळी साडेदहा.

ईमेल चारदा वाचली. पाचव्यांदा जयाला वाचायला लावली. न जाणो, मीच चुकीचं वाचत असेन. जया माझी धाकटी बहीण, यंदा बारावी झाली, बोलायला कुणाला भीत नाही. म्हणाली, "प्रेरणा किसनसिंग राठोड. तूच आहेस. दुसरी कोणी असती तर आतापर्यंत खूश झाली असती."

खूश आहेच मी! 

आणि ही मुलाखत माझ्या एकटीची कुठे आहे? जयाचा यवतमाळच्या कॉलेजचा फॉर्म आठवडाभर डाळीच्या डब्याखाली पडलाय. पालकांची सही हवी, तीस तारखेच्या आत. बांचं एकच म्हणणं — "तांड्यातली एक पोरगी दाखव मले, शिकून नोकरीले लागलेली. एक. मंग जयाचं पाहू." उदाहरण तयारच असतं. नायकांची, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांची, मुलगी रंजिताताई. "एम.एस्सी. झाली. अन् आता? नागपुरात सासूले पोया करून वाढते."

 मी स्वतः बी.एस्सी. होऊन वर्षभर घरी बसलेय. ते उदाहरण बा देत नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.

(घरात आमची बंजाऱ्यांची गोरबोली चालते. इथे लिहिताना बांना त्यांच्या बाजारातल्या मराठीत बोलावते आणि जयाला शाळेतल्या. वहीला समजायला हवं ना!)

मंगळवार, ३ जून

घोटाळा.

याडीला — आईला — मी एवढंच सांगितलं होतं की सोमवारी नागपूरला बोलावलंय. ती ते हातपंपावर बोलली. संध्याकाळी नायक डोंगरसिंग स्वतः नारळ आणि हार घेऊन दारात! मागे अर्धा तांडा.

मी समजावलं. आधी बोलावतात, मग प्रश्न विचारतात, मग बऱ्याच जणांतून एकाला घेतात. नायकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बोलावल्याबिगर कोनी नोकरी देते काय?"

"नाही, पण —"

"मंग झालं तं! बोलावलं म्हंजे देली." आणि वळून सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, "किसनसिंगची पोरगी लागली!"

नायकांच्या तोंडून निघालं की आमच्या तांड्यात ते झालेलं असतं. सोयरीक ठरते ती अशीच, भांडण मिटतं ते असंच. नंतर कुणी ‘नाही’ म्हणत नाही. माझी नोकरी काल नव्हती, आज सहा वाजता झाली.

मी काय केलं? हार घातल्यावर पाया पडले! म्हणजे कबूलच केलं की.

बुधवार, ४ जून

फ्लेक्स लागला. फाट्यावर. बसथांब्याच्या डोक्यावर.

बबलूचं काम. बबलू माझा चुलतभाऊ, महागावात फ्लेक्सच्या दुकानात असतो, त्यामुळे आमच्या घरचं बारसंसुद्धा फ्लेक्सशिवाय होत नाही. ‘नागपूर येथे अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल कु. प्रेरणा राठोड हिचे हार्दिक अभिनंदन!’ अधिकारी? नाही. निवड? नाही. ‘कु.’ तेवढं खरं.

चेहरा माझा आहे, दहावीच्या हॉल तिकिटावरचा, चुन्यात बुचकळून काढल्यासारखा गोरा. त्याखाली काळा कोट, पांढरी कॉलर. गळ्यापासून खाली मी नाहीच!

"कोट कोणाचा आहे हा?" मी ओरडलेच.

बबलू म्हणाला, "एका वकीलबाईचा. दुकानात पडून होता फोटो. बाईचाच हाय, घाबरू नको."

"काढ तो आत्ताच्या आत्ता."

"नायकाले विचार. मी तं फक्त खिळे ठोकले."

जया आज दिवसभर मला ‘साहेब’ म्हणते आहे. ‘साहेब, भांडी कोण घासणार?’

गुरुवार, ५ जून

झोप धड नाही. फ्लेक्सवरचं खोटं माझं की बबलूचं? मी गप्प राहिले तर माझंच. असा विचार करत पडले होते. माणसं मुलाखतीचा अभ्यास करतात!

शेवटी सकाळी मार्कर घेऊन फाट्यावर गेले. हात पुरेना. जया ओणवी झाली, तिच्या पाठीवर उभी राहून ‘निवड’च्या आधी बारीक अक्षरात ‘मुलाखतीसाठी’ लिहिलं. मुलाखतीसाठी निवड! आता वाक्य खरं झालं. (अधिकारीपद राहिलं, पण जया पाठ मोडली म्हणून ओरडायला लागली.) खाली उतरून पाहिलं, काही वाचता येत नाही. काळ्या कोटावरचा डास वाटतो. पण आहे.

बांनी बैलगाडीवरून सगळं पाहिलं होतं.  घरी आल्यावर म्हणाले, "तू खोटी नाही. फ्लेक्स लवकर लागला, बस."

शुक्रवार, ६ जून

नागपूर. रंजिताताईच्या सासरी उतरलेय. नायकांनीच ठरवलं — "लॉजमध्ये कायले? माह्या व्याह्याचं घर हाय." सोबत लेकीसाठी लोणच्याची बरणी दिली. यवतमाळपर्यंत ती मांडीवर, पुढे पायांत, आणि नागपुरात उतरले तेव्हा माझ्या नोट्सना लोणच्याचा वास.

ताईच्या सासूबाई, मानीबाई, दारातच म्हणाल्या, "ये माय अधिकारी!"

म्हणजे फ्लेक्सचा फोटो माझ्या आधी पोचला.

शनिवार, ७ जून

अभ्यास करायला दोन दिवस आधी आले होते. हे वाक्य वाचून मलाच हसू येतंय.

मानीबाईंनी सकाळी साडी बदलली आणि मला घेऊन निघाल्या. आपल्या बाजूची जेवढी घरं या वस्तीत आहेत, तेवढी सगळी. प्रत्येक घरी पोहे. पहिल्या घरी पोटभर खाल्ले, कारण नाही म्हणणं बरं दिसत नाही. तिसऱ्या घरी तर्री जास्त होती. पाचव्या घरी मी ‘थोडेच’ म्हणाले, तर ती काकू म्हणाली, "साहेब झाली तं आमच्या घरचं गोड लागत नाही काय?" खाल्ले.

आणि प्रत्येक घरून निघताना एक बायोडेटा. "आमच्या पोराचं पाहजो." "जावयाचं पाहजो, लय हुशार हाय, फक्त लेट उठते." मी प्रत्येकाला म्हणाले, अजून माझंच काही नाही. प्रत्येकानं माझ्या पाठीवर थाप मारली. नम्र पोरगी!

मग मी म्हणाले, "बघते."

पाच घरं आणि सहाव्या मानीबाई स्वतः, सहा वेळा ‘बघते’. संध्याकाळी खूप विचार केला. हे खोटं आहे का? तर नाही. ‘बघते’ म्हणजे बघते. नोकरी लावते असं कुठे म्हटलं? म्हणून बसले आणि सहाही कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत बघितले. मानीबाईंच्या मुलाचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचाही आहे. संजय भाऊजी. छंद: क्रिकेट बघणे.

आता मला सहा जणांचं शिक्षण पाठ आहे. मातीतला नत्र कसा काढतात ते आठवत नाही.

रविवार, ८ जून

मानीबाईंनी घरावर वरचा मजला चढवलाय, त्याची आज वास्तू. शंभर माणसं. मी पुस्तक घेऊन जिन्याखाली बसले, तर तिथून बुंदीचं पातेलं उचलायचं होतं. गच्चीत गेले, तर तिथे पंगत. शेवटी पुस्तक ठेवलं आणि स्वयंपाकघरात ताईच्या हाताखाली कांदे चिरायला बसले.

ताईला लग्नानंतर आज पहिल्यांदा नीट पाहिलं. तीन वर्षं झाली. लहानपणी आम्ही तिच्या वह्या बघायला जायचो, तांड्यात तिच्याइतकं अक्षर कुणाचं चांगलं नव्हतं. आज ती एका हातानं पुरी सोडत होती आणि तोंडानं मला विचारत होती —

"पीएच मीटर लावायच्या आधी काय करशील?"

"बफरमध्ये धरून जुळवायचं."

"कोणत्या?"

मला दोन आठवले. तिनं तिसरा सांगितला. मग नत्र. मग सेंद्रिय कर्ब. मी जिथे अडले तिथे तिनं झाऱ्यानं हवेत आकृती काढून दाखवली. दोन दिवसांत झाला नाही तेवढा अभ्यास दीडशे पुऱ्यांत झाला!

"ताई, तुला सगळं आठवतं?"

"रोज आठवते," ती म्हणाली. "नाहीतर विसरून जाईन."

तेवढ्यात मानीबाई आत आल्या आणि पुऱ्या जाड झाल्या म्हणाल्या.

संध्याकाळी पाहुणे निघाल्यावर ताईनं माझ्या हातात एक घडी घातलेला कागद ठेवला. "सगळ्यांचे घेतेस, तर हाही राहू दे. कोणाला सांगू नको." पुसदच्या कॉलेजात एम.एस्सी. करता करता दोन वर्षं प्रयोगशाळेत बिनपगारी काम. प्रत्येक ओळ पट्टीनं आखल्यासारखी. मी वाचला. तोही ‘बघितला’. मग फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवला, चुरगळू नये म्हणून.

सोमवार, ९ जून

घडलं ते क्रमानं लिहिते. नाहीतर उद्या मीच माझ्या बाजूनं फिरवून ठेवीन.

मी नऊलाच पोचले. दार उघडायला साडेनऊ. पहारेकरी म्हणाला, "झाडायला आलात काय?" मला राग यायच्या आधी ‘नाही, माफ करा’ हे तोंडातून गेलं.

आत दोन सर आणि मधे एक मॅडम. मॅडम म्हणाल्या, "बायोडेटाची प्रत?" मी फाइलमधला वरचा कागद दिला.

वरचा!

मॅडम वाचत गेल्या आणि त्यांचा चेहरा खुलत गेला. मला वाटलं, अरे, एवढं चांगलं आहे का माझं? "वा. टायट्रेशन तर रोजचं असेल तुम्हाला."

"हो," मी म्हणाले.

हो म्हणाले! कॉलेजात केलेलं डोळ्यांसमोर होतं, म्हणून. पण रोजचं? वर्षातून आठदा.

"दोन वर्षं चांगलं काम केलंत. मग लग्न झाल्यावर सोडलंत का?"

तेव्हा मी तो कागद उलट्या बाजूनं वाचला. रंजिता संजय चव्हाण.

या वहीत खरंच लिहायचं ठरलंय, म्हणून लिहिते. एक क्षण वाटलं, असू दे. पुढच्या प्रश्नाला उत्तर देऊ, मग बघू. जयाचा फॉर्म दिसला, डाळीच्या डब्यासकट. मॅडम अजून माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. असं कुणी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. आणि आत्ताही ते माझ्याकडे नव्हतंच. तोंड माझं आणि गळ्यापासून खाली दुसरीच!

"मॅडम, ती मी नाही," मी म्हणाले.

"मग तुम्ही कोण?"

मी घाईनं पुढचा कागद दिला. मॅडमनी वाचला. "संजय चव्हाण?"

डावीकडच्या सरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "किती जणांना घेऊन आलात?"

"सात, सर," मी म्हणाले. आणि तेवढ्यावर थांबायला काय झालं होतं? — "मी धरून आठ."

तिघंही हसले. वाईट नाही हसले, पण हसले. माझा कागद सापडला, त्याला लोणच्याचा डाग. मग प्रश्न झाले. पीएचचं आलं, कर्बाचं आलं, तिसरा बफरही आला. द्रावण पातळ करायच्या हिशेबात चुकले. शेवटी त्याच सरांनी गमतीनं विचारलं, "बरं, या आठांतलं आम्ही कोणाला घ्यावं, तुमच्या मते?"

गमतीचा प्रश्न होता. शहाणी मुलगी हसली असती. मला मात्र प्रश्न विचारला की खरं उत्तर द्यायची सवय. मी म्हणाले, "खरं सांगायचं तर रंजिता चव्हाण. मला आत्ता जे जे आलं ते तिनं काल शिकवलं, पुऱ्या तळताना. लग्नानंतरची तीन वर्षं ती काही विसरली नाही."

मॅडमनी तो कागद परत दिला नाही. मीही मागितला नाही.

बाहेर आल्यावर पहारेकरी म्हणाला, "झालं काय?" झालं, दादा. माझ्याच मुलाखतीत दुसरीचं कौतुक करून आले. असं काम जगात कुणी केलं नसेल.

मंगळवार, १० जून

घरी आले. ताईला काही बोलले नाही. काय बोलणार? ‘तुझा कागद चुकून दिला आणि मग मुद्दाम ठेवला’?

फाट्यावर उतरले. तो फ्लेक्स. मी खाली मान घालून चालत सुटले. बा बैलगाडी घेऊन उभे होते. "कसं झालं?"

"आठवड्यानं कळवतील."

हे खरं होतं. खरं बोलून इतकं खोटं कधी वाटलं नव्हतं.

शनिवार, १४ जून

‘आपली निवड होऊ शकली नाही. आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.’

बस. एवढंच.

रविवार, १५ जून

कुणाला सांगितलं नाही. याडीनं दोनदा विचारलं, कधी जायचं, बॅग घ्यावी लागेल. जया मला साहेब म्हणायची थांबली आहे. तिला कळलंय. डाळीचा डबा उचलला, खालचा फॉर्म पाहिला, पुन्हा डबा ठेवला.  

उद्या सांगीन. आधी बांना, मग नायकांना. नायकांच्या तोंडून निघालेलं परत घ्यायला कुणी गेलंय का आजवर? मी पहिली. घरातून शाळेत जाण्यातही पहिली होते, इथेही पहिली!

सोमवार, १६ जून

सांगितलं नाही. बांचं कपाशीचं बियाणं आणायचं होतं, म्हटलं आज नको. उद्या.

(भित्री.)

मंगळवार, १७ जून

ताईचा फोन. मला वाटलं ओरडेल. ती कुजबुजत होती.

"तू माझा कागद दिलास?"

"चुकून दिला. नंतर चुकून नाही."

"शुक्रवारी बोलावलं होतं मला. सासूबाईंना सांगितलं डॉक्टरकडे जाते. गेले. आज पत्र आलं. घेतलं त्यांनी मला, प्रेरणा."

 मग ती रडली. मग मीही — कशासाठी ते नक्की माहीत नाही. थोडं तिच्यासाठी होतं, थोडं नव्हतं. खरं ते लिहावं.

गुरुवार, १९ जून

कहर!

मानीबाई आधी दिवसभर चिडल्या. "कागद देला पोराचा, अन् लागली सून!" रात्रीतून त्यांना सुचलं की वस्तीत दुसऱ्या कुणाचीच सून प्रयोगशाळेत नाही. सकाळी त्यांनीच नायकांना फोन केला. नायकांनी फोन ठेवला, डोळे पुसले आणि तांडा गोळा केला.

"किसनसिंगची पोरगी साधीसुधी नाही," म्हणाले. "सोता तं लागलीच. माह्या रंजितालेही लावली. जाऊन पंधरा दिवस नाही झाले, अन् लोकायले नोकऱ्या लावून राह्यली!"

मी उभी राहिले. म्हणाले, "नायक, मला लागलेली नाही —"

"पाहा! गर्व नाही पोरीले."

टाळ्या. मी खाली बसले.

संध्याकाळपर्यंत दारात चार बायोडेटा. एक तर शेजारच्या तांड्यावरून आला, मोटारसायकलवर. बेकार मी, आणि माझ्याकडे रांग! जया दारात उभी राहून कागद घेते आणि विचारते, "फोटो जोडलाय का?"

शनिवार, २१ जून

सकाळी बा गोठ्यात होते. फाट्यावरचा फ्लेक्स काढून आणला होता आणि गुरांच्या कुटारावर ताडपत्रीसारखा टाकत होते, माझं तोंड वर करून. म्हटलं, आता तरी. "बा, मला नोकरी लागली नाही."

"माहीत हाय."

"कधीपासून?"

"नागपूरहून आली त्या दिवसापासून. लागलेली पोरगी फ्लेक्सकडे पाहत उतरते. तू चपलेकडे पाहत उतरली." दोरीची गाठ मारली. "जयाचा फॉर्म आन."

"पण तुम्ही तर म्हणाला होता —"

"तांड्यातली एक दाखव म्हनलो होतो. नायकाची पोरगी कोन्या तांड्याची हाय?"

फॉर्म आणला. मी चौथीत असताना त्यांना पाटीवर शिकवलेली सही त्यांनी एकेक अक्षर दाबून केली. पालकांच्या जागी नाही, विद्यार्थ्याच्या जागी.

मी पालकांच्या ओळीवर बोट ठेवलं, "बा, इथेही एक."